थर्मोस्टॅट कोणता घ्यायचा, हे भिंतीतल्या तारा ठरवतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉन्ट्रियलजवळ ब्रोसारला १९७४ सालचं जोडघर घेतलंत. बहुतेक खोल्यांत खिडकीखाली, भिंतीच्या पायथ्याशी लांबट इलेक्ट्रिक हीटर आहेत आणि प्रत्येक खोलीत गोल खटका असलेला जुना थर्मोस्टॅट. एकूण सात. बैठकीच्या खोलीत कधी घाम फुटतो, तर कधी शाल शोधावी लागते. जानेवारीचं बिल बघून डोळे पांढरे झाले. त्यात ऑफिसातला मित्र म्हणाला की नेस्ट या स्मार्ट थर्मोस्टॅटवर सवलत चालू आहे, सात घेऊन टाक, बिल निम्म्यावर येईल. तर सात घ्यावेत का, आणि नाही तर कोणते?

मी बावीस वर्षं या भागात वायरमनचं काम करतोय, त्याआधी इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये करत होतो. तुमच्या घरासारखी घरं शेकड्याने पाहिलीत. पहिलं उत्तर लगेच देतो, म्हणजे सवलत संपायच्या आत खिसा वाचेल: ते सात नेस्ट घेऊ नका. ते वाईट आहेत असं अजिबात नाही. ते तुमच्या घरासाठी बनलेले नाहीत, एवढंच.

नेस्ट, इकोबी ही मंडळी २४ व्होल्टची. तळघरातल्या मध्यवर्ती भट्टीला किंवा हीट पंपाला ती फक्त निरोप देतात, 'चालू हो', 'बंद हो'. खरा करंट भट्टीच्या आतच खेळतो, थर्मोस्टॅटपर्यंत येतच नाही. तुमच्याकडे उलट आहे. हीटर २४० व्होल्टचे, आणि हीटरचा सगळा करंट भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमधूनच जातो. दारावरच्या घंटीचं बटण आणि गिझरचा स्विच यांत जो फरक, तोच इथे. घंटीच्या बटणावर गिझर चालवला तर काय होईल ते सांगायला नको.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी रविवारी सकाळी स्वतःच तारा जोडल्या आणि ब्रेकर वर केला. मला फोन आला तेव्हा घरात जळक्या प्लॅस्टिकचा वास होता, भिंतीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग होता आणि २४ व्होल्टच्या त्या नव्याकोऱ्या यंत्राचा पडदा फुगला होता. कुणाला इजा झाली नाही. फार वेळ गेला तो त्यांच्या बायकोला समजावण्यात, की घर जळणार नाहीये.

मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टाकून २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट अशा हीटरला जोडता येतो. ऑब कंपनीचा आरसी८४०टी त्यासाठीच आहे, ट्रान्सफॉर्मर आणि रिले एकाच डब्यात. पण दर खोलीला एक रिले, त्याला एक डबा, शिवाय मजुरी. एका मोठ्या खोलीसाठी कुणी हट्ट धरला तर मी बसवून देतो. सात खोल्यांसाठी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तेव्हा दुकानात गेलात की 'लाइन व्होल्टेज'चा, म्हणजे थेट २४० व्होल्टवर चालणारा थर्मोस्टॅट मागायचा. इथल्या दुकानांत या हीटरला 'प्लँत' म्हणतात. 'प्लँत इलेक्ट्रिक'साठी हवाय असं सांगितलं की विक्रेता बरोबर रांगेत नेऊन उभं करतो. तिथे वीस-पंचवीस डॉलरपासून दीडशे डॉलरपर्यंतचे डबे असतात आणि खरी निवड तिथून सुरू होते.

त्याआधी एक गोष्ट, आपल्याकडून आलेल्या माणसाची हमखास चूक होते ती. आपल्याकडे २३० व्होल्ट म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. स्विचने फेज तोडली की पुढचं सगळं मेलं. तीच सवय हातात बसलेली असते. इथे २४० व्होल्टच्या हीटरला न्यूट्रल नसतोच. दोन तारा येतात आणि दोन्ही जिवंत. प्रत्येकीत जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट, आणि दोघींमध्ये २४०. थर्मोस्टॅटने एकच तार तोडली तर हीटर गार पडतो, पण दुसऱ्या तारेतून त्याच्या टर्मिनलवर १२० व्होल्ट तसेच बसलेले असतात. हीटर थंड आहे म्हणून कुणी झाकण काढून आतली धूळ पुसायला बोटं घातली, तर प्रसाद मिळतो. मी स्वतः इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात तो घेतलाय. आयटीआयचं प्रमाणपत्र आणि आठ वर्षांचा अनुभव खिशात असताना.

यावरून थर्मोस्टॅटचे दोन प्रकार पडतात. एक तार तोडणारा सिंगल पोल, आणि दोन्ही तोडणारा डबल पोल. डबल पोलवर 'ऑफ' असं ठळक लिहिलेलं असतं आणि तो खरोखर बंद करतो. सिंगल पोल सगळ्यात खाली फिरवला तरी तो फक्त कमीत कमी तापमानावर जातो, खोली फारच गारठली तर आपोआप सुरू होतो. बहुतेक इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट एकच तार तोडतात. त्यात धोका नाही, फक्त एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: हीटरला हात लावायचा तर आधी पॅनलमधला जोडब्रेकर खाली, मग टेस्टर, मग हात. थर्मोस्टॅटवर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता भाराचं गणित. हे लोक टाळतात आणि तिथेच फसतात. या हीटरचा साधा ठोकताळा असा की एका फुटाला २५० वॅट. सहा फुटी म्हणजे १५०० वॅट, आठ फुटी म्हणजे २०००. नेमका आकडा हीटरच्या एका टोकाला झाकणाच्या आत पट्टीवर छापलेला असतो, तो वाचणं उत्तम. तुम्ही लिहिलंत की बैठकीत एक आठ फुटी आणि एक सहा फुटी आहे आणि दोन्ही एकाच थर्मोस्टॅटवर चालतात. म्हणजे ३५०० वॅट. भागिले २४०, म्हणजे साडेचौदा अँपिअर. थर्मोस्टॅटच्या डब्यावर कमाल भार लिहिलेला असतो, कुठे २५००, कुठे ३०००, कुठे ४००० वॅट. सिनोपे कंपनीचे दिसायला हुबेहूब दोन आहेत, एक ३००० वॅटचा आणि एक ४००० वॅटचा. डबाही जवळपास सारखा. घाईत ३००० चा उचलला तर बैठकीत तो रोज आपल्या ताकदीबाहेर राबणार. लगेच काही होत नाही. दोन-तीन हिवाळ्यांनी त्याची पाठ तपकिरी होते.

तुमच्या शयनगृहात १५०० चा एकच हीटर आहे, तिथे कुठलाही चालेल. पण मोठ्या भाराचा छोट्या हीटरला लावताना उलट बाजूही बघा: काही इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटना किमान भारही लागतो. न्हाणीघरातल्या टीचभर हीटरवर ते नीट चालत नाहीत, पडदा मिणमिणतो. डब्यावर कमाल आणि किमान दोन्ही वाचा.

व्होल्टेजचा आणखी एक खोडा आहे, तुम्हाला लागू नाही पण हे वाचणाऱ्या कुणाला असेल. उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये बरेचदा २४० ऐवजी २०८ व्होल्ट येतात. २४० साठी बनवलेला २००० वॅटचा हीटर तिथे १५०० वॅटच देतो. मग माणूस थर्मोस्टॅटला शिव्या देतो, नवा आणतो, आणि खोली तशीच गार. दोष कुणाचाच नसतो, हीटर चुकीचा बसलेला असतो.

आता भिंतीतल्या तारांकडे. ब्रेकर पाडून, टेस्टरने खात्री करून, जुना थर्मोस्टॅट बाहेर ओढला की मागे काय दिसतं यावर निम्मी निवड होते. थर्मोस्टॅटमागे भिंतीत बसवलेल्या काही डब्यांत दोनच तारा असतात: एक पॅनलकडून आलेली, एक हीटरकडे गेलेली. काहींत चार असतात, म्हणजे दोन्ही जिवंत तारा आत येऊन बाहेर जातात. अर्थिंगची उघडी तार यात मोजायची नाही. इथल्या हीटरच्या केबलचं आवरण बरेचदा लाल असतं आणि आत एक लाल, एक काळी तार. जुन्या कामात पांढरी तारही जिवंत म्हणून वापरलेली सापडते. पांढरी म्हणजे न्यूट्रल हे इथे गृहीत धरू नका.

हे मोजायचं कशाला? तर मायसासारखा वायफायवाला थर्मोस्टॅट चार तारा मागतो. त्याच्या आतल्या छोट्या संगणकाला सतत वीज लागते आणि ती त्याला दोन्ही तारांमधून मिळते. सिनोपे, स्टेलप्रो यांचे दोन तारांवर चालणारे आहेत. ते हीटरमधूनच थोडीशी वीज काढून घेतात. म्हणजे डब्यात दोनच तारा असतील तर मायसा कितीही देखणा असला तरी त्या भिंतीवर चालणार नाही, नवी केबल ओढल्याशिवाय. दर नोव्हेंबरात दोन-तीन घरी मी हेच सांगायला जातो. माणसाने चार-पाच यंत्रं आधीच घेतलेली असतात, ॲप उतरवलेलं असतं, खोल्यांना नावंसुद्धा देऊन झालेली असतात.

तुमच्या घराचं साल १९७४ आहे, म्हणून एक जास्तीची गोष्ट. साठीच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तांबं महाग होतं आणि उत्तर अमेरिकेत पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग झाली. तार खरवडून बघू नका. टोकाचा रंग चंदेरी आहे की तांबूस, एवढंच बघा. चंदेरी असेल आणि केबलवर ॲल्युमिनियमची खूण सापडली, तर नव्या थर्मोस्टॅटच्या तांब्याच्या शेपट्या साध्या प्लॅस्टिकच्या टोपीने पिळून जोडायच्या नाहीत. ॲल्युमिनियम गरम झालं की जास्त फुगतं, गार झालं की आक्रसतं, आणि सांधा हळूहळू सैल होतो. सैल सांध्यातून पंधरा अँपिअर रोज गेले की काय होतं ते मी पाहिलंय. थर्मोस्टॅट ठणठणीत, आणि मागची टोपी वितळून गुळाच्या खड्यासारखी. तांबं आणि ॲल्युमिनियम जोडायचे खास जोड मिळतात, तेच वापरायचे.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो, घाम आणि शाल. हे बिलापेक्षा जास्त सहज सुटणारं आहे.

तुमचा गोल खटक्याचा थर्मोस्टॅट म्हणजे आपल्या इस्त्रीतलाच प्रकार. दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी, तापली की वाकते आणि टक् करून संपर्क सोडते. गार झाली की टक् करून परत धरते. इस्त्रीला चालतं, कारण कापडाला दोन-चार अंशांनी फरक पडत नाही. माणसाला पडतो. या पट्टीला वाकायला आणि सरळ व्हायला दोन-तीन अंश लागतात. शिवाय हीटरचा करंट तिच्याजवळूनच जातो, त्यानेही ती तापते, आणि खोली पुरेशी उबदार व्हायच्या आधीच सोडून देते. कडाक्याच्या थंडीत, हीटर जास्त वेळ चालू असताना, ही फसगत वाढते. म्हणून तुम्हाला वाटतं की २१ वर ठेवलाय तरी आज गार का. तुम्ही खटका २४ वर नेता, दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, आणि घाम फुटतो.

इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट पट्टी वापरत नाही. तो तापमान मोजतो आणि ट्रायॅक नावाच्या अर्धवाहकाने वीज तुकड्यातुकड्यांत सोडतो. समजा पंधरा सेकंदांचं एक चक्र आहे आणि खोलीला चाळीस टक्केच उष्णता हवी आहे, तर सहा सेकंद चालू, नऊ सेकंद बंद, असं सतत. हीटरचा गज ना लालबुंद तापतो ना पूर्ण गार होतो, कोमट-गरम राहतो. खोलीचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत टिकतं. आणि रात्री हीटरच्या पत्र्याचा तो टकटक, कडकड आवाज, जो पत्रा ताणल्या-आक्रसल्याने येतो, तो पुष्कळ कमी होतो. माझ्या अनुभवात लोक बिलापेक्षा या शांततेबद्दल जास्त वेळा फोन करून सांगतात.

ट्रायॅक स्वतः थोडा तापतो. पंधरा अँपिअरला साधारण पंधरा-वीस वॅट उष्णता त्याच्यातच होते. त्यामुळे नव्या थर्मोस्टॅटला हात लावल्यावर कोमट लागला तर घाबरू नका. चटका बसला, किंवा वास आला, तर मात्र लगेच ब्रेकर पाडा.

पंखा असलेल्या हीटरला, म्हणजे भिंतीत बसवलेला आणि घुरघुर करत गरम हवा फेकणारा जो तुमच्या तळघरात आहे, त्याला हे पंधरा सेकंदांचं चालू-बंद सोसत नाही. पंख्याची मोटर तडफडते. चांगल्या इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटमध्ये चक्र लांब करायची सोय असते, साधारण पंधरा मिनिटांचं. ती सोय नसेल तर तिथे पंख्याच्या हीटरसाठीचाच, रिलेवाला घ्या. न्हाणीघरात फरशीखाली तापणारी तार असेल तर तो विषय पूर्ण वेगळा. त्याला जमिनीतला सेन्सर लागतो आणि गळतीचा करंट पकडून लगेच तोडणारं संरक्षण लागतं. भिंतीवरच्या हीटरचा थर्मोस्टॅट तिथे लावायचा नाही, कुणी 'चालतो हो' म्हणालं तरी.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, इलेक्ट्रॉनिक घेऊ. पण साधा की वायफायचा?

हे तुमच्या दिनक्रमावर अवलंबून आहे, म्हणून ठोक उत्तर देत नाही, हिशेब मांडून दाखवतो. शयनगृहातला १५०० वॅटचा हीटर थंडीत सरासरी दिवसाला आठ तास भरून चालतो असं धरू. म्हणजे रोज १२ युनिट. रात्री किंवा तुम्ही नसताना तापमान उतरवून त्यातले दहा टक्के वाचवले, म्हणजे १.२ युनिट. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की रोज आठ तास तापमान चार ते साडेपाच अंशांनी खाली ठेवलं तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाचतं. म्हणजे मी धरलेला आकडा जवळपास उत्तमातला आहे. हायड्रो-क्यूबेक या इथल्या वीज कंपनीच्या घरगुती दरात दिवसाच्या पहिल्या ४० युनिटांना स्वस्त दर असतो, त्यापुढचं महाग, साधारण दहा-अकरा सेंट. हिवाळ्यात तुमचे ४० युनिट हीटर आणि गिझर मिळून सहज पार करतात, म्हणून वाचलेलं युनिट महागातलं धरायचं. तर रोजचे बारा-तेरा सेंट, आणि सहा महिन्यांच्या थंडीत सुमारे २३ डॉलर. त्या खोलीत १३० डॉलरचा वायफाय थर्मोस्टॅट लावला तर फक्त त्याच्या किमतीला पाच-सहा वर्षं. चाळीस-पन्नास डॉलरचा साधा इलेक्ट्रॉनिक लावला आणि झोपताना हाताने तापमान तेवढंच उतरवायची सवय लावली, तर दोन वर्षं.

ही सवय हाच कळीचा मुद्दा आहे. तुमच्यात शिस्त असेल तर स्वस्तातला पुरतो. माझ्या घरी नाही, म्हणून माझ्या बैठकीत महागातला आहे. संध्याकाळी कामावरून येताना हातातलं सामान खाली ठेवून मी थर्मोस्टॅट फिरवेन, हा भ्रम मी दहा वर्षांपूर्वी सोडला.

तुमच्या घराचं मी असं करेन. बैठकीत ४००० वॅटचा वायफायवाला, कारण भार मोठा, खोली दिवसभर रिकामी आणि संध्याकाळी भरलेली. तुम्ही घरून काम करता ती खोली, तिथेही वायफाय किंवा निदान वेळापत्रक लावता येणारा, कारण शनिवार-रविवार ती बंद असते. बाकी चार खोल्यांत साधे इलेक्ट्रॉनिक. तळघरात पंख्याला चालणारा. अशी सातही एकाच कंपनीची आणि सातही महागातली घेतली तर भिंतीवर छान दिसतात, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही. हायड्रो-क्यूबेकची हिलो नावाची सेवा आहे. थंडीच्या कडाक्यात, सकाळ-संध्याकाळ मागणी टोकाला जाते तेव्हा तुमचे थर्मोस्टॅट ती आधी थोडे वर नेऊन मग खाली आणते, आणि त्या बदल्यात पैसे परत देते. त्यात जायचं असेल तर मात्र त्यांना चालणारीच यंत्रं हवीत, आणि वरचा हिशेब बदलतो. आधी त्यांच्या अटी वाचा, मग दुकानात जा.

वेळापत्रक लावताना हाव करू नका. जुन्या घरात रात्री तीन अंशांपेक्षा जास्त मी उतरवत नाही. बाहेर उणे पंचवीस असताना जेमतेम पुरणारा हीटर ते तीन अंशच भरून काढायला सकाळचे दोन तास घेतो. झोपताना अठरा, जागेपणी एकवीस, हे बहुतेकांना जमतं. न वापरलेली खोली पंधराच्या खाली नेऊ नका, विशेषतः भिंतीतून पाण्याचा पाइप जात असेल तर. आणि उतरवलेल्या खोलीचं दार लावा. दार उघडं ठेवून एका खोलीत अठरा आणि शेजारी बावीस ठेवणं म्हणजे दोन हीटरची रस्सीखेच, जास्त वीज शेजारचाच खातो.

आता एक किस्सा सांगतो, कारण सगळं बरोबर निवडूनही माणूस असा फसतो. मॉन्ट्रियलशेजारच्या लावाल शहरात एका घरी नवे इलेक्ट्रॉनिक बसवले. आठवड्याने फोन, शयनगृहाचा खराब निघाला, पडद्यावर १७ दाखवतो आणि खोली भट्टी झालीय. गेलो. माझा तापमापक खोलीच्या मधोमध २४ दाखवत होता, थर्मोस्टॅट सतरावर अडून. यंत्र बदललं, नवाही सतरा. मग ब्रेकर पाडून थर्मोस्टॅट डब्यातून ओढून बाजूला केला आणि डब्यासमोर ओला तळहात धरला. बारीक, टोचरी गार हवा. केबल जिथून डब्यात शिरते त्या भोकातून पोटमाळ्याची थंडी भिंतीच्या पोकळीतून थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येत होती. बिचारा खरंच सांगत होता, त्याच्या पाठीला सतराच होतं. भोकात इलेक्ट्रिशियनची मऊ पुट्टी दाबली, यंत्र परत लावलं, तासाभरात २१ ला २१. पाच डॉलरची पुट्टी. तेव्हापासून प्रत्येक डब्यात मी आधी तळहात धरतो.

तसंच जागेचं. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून दीड मीटरभर उंच, हीटरच्या बरोबर वर नाही, उन्हाच्या तिरिपेत नाही, बाहेरच्या दाराच्या झोतात नाही. तुमच्या फोटोत बैठकीतला थर्मोस्टॅट टीव्हीच्या वर वीतभर अंतरावर दिसतोय. आधीच्या मालकाने टीव्ही नंतर टांगला असणार. टीव्ही चालू असताना त्याची ऊब वर जाते, थर्मोस्टॅटला वाटतं खोली तापली, आणि तुम्ही सोफ्यावर शाल घेऊन बसता. तुमच्या शालीचं अर्धं उत्तर तिथे आहे. थर्मोस्टॅट हलवायला केबल ओढावी लागेल, टीव्ही हलवणं फुकट आहे.

बिलाबद्दल खरं सांगतो, कारण मित्राने 'निम्मं' म्हटलंय. कुठलाही थर्मोस्टॅट एका युनिट विजेतून एका युनिटापेक्षा जास्त उष्णता काढू शकत नाही. तुमचे हीटर आत्ताही पूर्ण वीज उष्णतेतच बदलतात, त्यात सुधारायला जागा नाही. वाचतं ते फक्त नको तिथे, नको तेव्हा न तापवल्याने. सात थर्मोस्टॅट बदलून हीटरच्या खर्चात पाच ते दहा टक्के फरक पडला तर मी म्हणेन काम चांगलं झालं. निम्म्याची भाषा करायची तर ती हीट पंपाची आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो आणि मध्यम थंडीत एका युनिटात दोन-तीन युनिटांचं काम करतो. पुढेमागे तो बैठकीत बसवणार असाल तर आज तिथे महागाचा थर्मोस्टॅट घेऊ नका. हीट पंप आल्यावर हे हीटर त्याच्यापेक्षा दोन-तीन अंश खाली लावून ठेवायचे असतात, फक्त कडाक्यात मदतीला. नाहीतर दोघं एकमेकांच्या आधी धावतात आणि हीट पंप नुसता भिंतीवरचा दागिना होतो.

शेवटी काम कोण करणार. क्यूबेकमध्ये घर स्वतःचं असलं तरी वायरिंगच्या कामाला परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. पण माणूस बोलावण्याआधी तुम्ही यादी तयार ठेवा. प्रत्येक खोलीतल्या हीटरची लांबी किंवा पट्टीवरचे वॅट, एका थर्मोस्टॅटवर किती हीटर, पंखा आहे की नाही. इलेक्ट्रिशियन आला की त्याला प्रत्येक डबा उघडून तारा दोन की चार आणि चंदेरी की तांबूस, एवढं आधी बघू द्या, आणि यंत्रं त्यानंतरच विकत घ्या. सातही एका फेरीत बदलून घ्या, फेरीचे पैसे एकदाच लागतात. सप्टेंबरात बोलवा. पहिल्या बर्फानंतर आम्ही कुणी फोन उचलत नाही.

तोवर टीव्ही खाली घ्या आणि दोन दिवस बैठकीचं काय होतं ते बघा. कदाचित सातातला एक तसाच वाचेल.